पेंडीच्या दुकानावरचं सॉफ्टवेअर

पेंडीच्या दुकानात भुसकट आणि माणसांच्या घोळक्यात किस्से, झाडू मारावा तितका थोडाच! सकाळी साफ करावं, दुपारपर्यंत कोपऱ्यात परत ढीग. भुसकट निदान जनावरांपुढं टाकता येतं. किस्से कुठं टाकणार? म्हणून तुमच्यापुढं टाकतो.

गेवराईत माझं पशुखाद्याचं दुकान. सरकी पेंड, मक्याचा भरडा, दावी, घुंगरं. शाळा सातवीत सुटली, पुढचं शिकवलं ते गिऱ्हाइकांनी. आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं दुसरं दुकान, तिथं सॉफ्टवेअर बनतं. हसू नका! तालुक्याच्या दूध संघाला गावोगावच्या संकलन केंद्रांवरचं दूध आणि फॅट नोंदवायला सॉफ्टवेअर पाहिजे होतं. इंजिनिअर झालेली आपलीच पोरं घरी बसून अर्ज करत होती. संघवाले आणि पोरांचे बाप, दोघंही पेंड न्यायला माझ्याकडंच यायचे. मी गाठ घालून दिली. धंदा म्हणजे तरी दुसरं काय असतं?

टीम पाचजणांची. म्होरक्या दत्ता, परळीचा. थर्मल वीजकेंद्राच्या राखेत वाढलेला आणि आवाज भोंग्याचा. दुसरी अर्चना, उमापूरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. बोलणं मोजकं, पण बोलली की समोरच्याला खुर्ची शोधावी लागते. तिसरा महेश, आणि हाताखाली आणखी दोघं.

एका वर्षी पावसानं अशी पाठ फिरवली की चारा गेला, दूध आटलं आणि संघाचे संचालक खर्च कापायला बसले. पुण्याची एक कंपनी, जिची फॅट मोजायची यंत्रं आमच्या केंद्रांवर होती, ती म्हणू लागली, "सॉफ्टवेअरसुद्धा आमचंच घ्या." फैसला आमसभेत व्हायचा होता. आम्हाला गिऱ्हाईक एकच. संघाचं काम गेलं की वरचं दुकान बंद, आणि पाचही जण पुण्याच्या गाडीत. पुढं सांगतो ते सगळं त्याच एका वर्षातलं.

*

दत्तानं त्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं. "शेठ, रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून मीटिंग करायची."

मी म्हणालो, "उभं कावून? खुर्च्या घेतल्यात की नव्या!"

"बसलं की माणूस लांबण लावतो, शेठ. उभं राहिलं की मीटिंग लवकर संपते. सगळ्या मोठ्या कंपन्यांत असंच असतं."

मला पटलं. मी संघाच्या चेअरमनसाहेबांना ही युक्ती सांगितली. ते पांढऱ्या कपड्यातले, तालुक्यात वजन असलेले गृहस्थ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पान जमवलं आणि म्हणाले, "शेठ, आमच्या संचालकांना उभं करू नका. उभे राहिले की ते निवडणुकीलाच उभे राहतेत!"

*

सरकारनं चारा छावणी उघडली. छावणीतल्या जनावरांची हजेरी ठेवायला संघाला प्रोग्रॅम पाहिजे होता. चेअरमनसाहेबांनी विचारलं, "किती दिवस लागतील?"

दत्ता भोंगा सोडून मोकळा. "चार!" बाकीच्यांनी माना हलवल्या. म्होरक्या बोलल्यावर कोण तोंड उघडतो?

मी म्हणालो, थांबा. आमच्या बैलबाजारात भाव कधी मोठ्यानं बोलत नाहीत. दलाल हातावर रुमाल टाकतो आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो. शेजारच्याला कळत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघून कोणी आकडा बदलत नाही. मी खांद्यावरचा रुमाल काढला आणि एकेकाला बोलावलं. "किती दिवस लागतील, तेवढी बोटं धरा."

दत्तानं चारच धरली, मर्द माणूस! महेशनं मात्र पंजा धरून वर आणखी दोन बोटं दाबली. आणि अर्चनानं माझा पंजा धरला, सोडला, परत धरला, परत सोडला, परत धरला. मला वाटलं पोरगी बांगड्या भरतीय!

"एवढे दिवस कशाला गं?" मी रुमाल काढून विचारलं.

"शेठ, छावणीत गाय व्याली तर वासराला नंबर कोणता द्यायचा? आलेल्या जनावराला नंबर हाय. तिथंच जन्मलेल्याला कुठून द्यायचा?"

दत्ता डोकं खाजवत म्हणाला, "दुष्काळात कशाला व्यातीय गाय?"

अर्चना म्हणाली, "तू जाऊन सांग तिला."

तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येक कामाचा अंदाज रुमालाखाली ठरतो. दत्तानं त्याला मोठं इंग्रजी नाव दिलंय. रुमाल मात्र माझाच.

*

एकदा महेशनं सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी बदल केला, आणि एका अख्ख्या गावाच्या दुधाचे मेसेज शेतकऱ्यांऐवजी चेअरमनसाहेबांच्या फोनवर जाऊ लागले. "आपल्या म्हशीचे दूध मिळाले. फॅट उत्तम. धन्यवाद." पहाटेपासून टुंग, टुंग, टुंग!

साहेब तणतणत दुकानात आले. "कुणी केलं हे? नाव सांगा आदी!"

वर महेशचा चेहरा चुन्यासारखा झालेला जिन्यावरून दिसत होता. मी म्हणालो, "साहेब, पोतं फाटलं की आमी आदी धान्य गोळा करतो. शिवलं कुणी, हे मागून. एकदा शिवणाऱ्याला चारचौघांत झापलं की पुढच्या वेळी तो फाटकं पोतं थप्पीच्या तळाला ठेवतो. मग उंदराला कळतं, आपल्याला न्हाई."

साहेब खाली बसले. घोटभर पाणी प्याले. मग इकडंतिकडं बघून आवाज उतरवला.

"शेठ, तुमचं सगळं खरं. पण माझ्या घरी म्हैस न्हाई."

"बरं मग?"

"आमच्या मंडळींनी फोन बघितलाय. सकाळपासून एकच सवाल, ‘ही म्हैस कुठं बांधलीय?’"

महेश तेवढ्यात स्वतःच खाली आला. "साहेब, माझ्याकडून झालं. मी येतो घरी समजावून सांगायला." गेला, आणि बाईसाहेबांनी त्याला पोटभर जेवू घातलं. साहेबांना त्या दिवशी ताट मिळालं का, हे आम्ही अजून विचारलेलं नाही.

*

आमच्या ऑफिसात एक सुट्टी अशी आहे जी कुठल्याच कॅलेंडरात नाही. टँकरची सुट्टी. गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला की काम सोडायचं, घागर उचलायची. परवानगी मागायची नाही. तहानलेल्या घरचा माणूस स्क्रीनकडं बघतो, पण त्याला दिसतो नळ.

एकदा यंत्रं आमच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या कामासाठी पुण्याच्या त्या यंत्रवाल्या कंपनीच्या साहेबांचा व्हिडिओ कॉल चालू होता. माणूस सज्जन, फक्त घाईचा. दत्ता काहीतरी सांगत होता, आणि हॉर्न वाजला. पाची खुर्च्या रिकाम्या! स्क्रीनवर मी एकटा, मागं पेंड कंपनीचं कॅलेंडर.

साहेब म्हणाले, "अहो, टीम कुठं गेली?"

"टँकरवर."

"मीटिंग अर्धवट सोडून?"

मी म्हणालो, "साहेब, तुमचा कॉल उद्या परत लागतो. टँकर लागत न्हाई."

त्यांनी कॉल बंद केला. मला वाटलं, झालं! आता आमसभेत हे सांगणार, की असली यांची टीम. पण पुढच्या कॉलला साहेबांचं पहिलं वाक्य काय होतं सांगू? "नमस्कार. पाणी भरून झालं का सगळ्यांचं? मग सुरू करू."

*

उन्हाळ्यात पोरं म्हणाली, "शेठ, टीमची सहल पाहिजे." गेलो कपिलधारला. दर्शन घेतलं, आणि धबधब्यापाशी आलो तर नुसता कोरडा कातळ. दत्ता हात कमरेवर ठेवून म्हणाला, "धबधबा डाऊन हाय!"

तिथं झाडलोट करणारे एक म्हातारेबुवा होते. ते गंभीरपणे म्हणाले, "इथं काय बिघाड न्हाई बाबा. वरूनच बंद हाय."

दत्तानं त्यांचे पाय धरले. "बाबा, आमी गिऱ्हाइकाला रोज हेच सांगतो, पण इतक्या शांतपणे सांगता येत न्हाई!"

*

मोठ्या कंपन्यांत म्हणे वरिष्ठाबद्दल नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकतात. मी म्हणालो, आपणपण करू. रिकामा बिस्किटाचा डबा ठेवला. "माझ्यात काय सुधारणा पाहिजे, बिनधास्त लिहा."

डबा उघडला. पहिली चिठ्ठी, "काम करताना मागं येऊन उभं राहू नका." दुसरी, "मागं उभं राहू नका." तिसरी, चौथी, पाचवी, तेच! एका चिठ्ठीत तर माझा पेंडीचा वास आधी येतो आणि मी नंतर, असंही लिहिलेलं.

आणि डब्यात सहावी चिठ्ठी. पाच माणसांच्या सहा चिठ्ठ्या? उघडली. अक्षर ओळखीचं, वर चहा आणून देणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींचं.

"सैपाकघरातबी."

*

आमसभा जवळ आली तसा दत्ता गप्प गप्प राहू लागला. भोंगा बंद म्हणजे परळीत काहीतरी गडबड! मी खाली बोलावलं. म्हणालो, "पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलंय ना?"

त्याच्या डोळ्यांत पाणी. "शेठ, सांगणार होतो..."

"रडतो कावून बे? जत्रेत जोडीला गिऱ्हाईक उभं राहतं म्हणजे बैल चांगला हाय. दावं तोडून पळालास तर मला राग येईल. जाऊन ये. आन् तिथं पहिल्या आकड्याला हो म्हणू नको."

माझं काळीज मात्र थप्पीखाली सापडल्यासारखं झालेलं. म्होरक्या गेला की आमसभेत दाखवायला राहिलं काय?

दोन दिवसांनी दत्ता परत. सरळ वर जाऊन कामाला बसला. मी मागं उभं न राहता, जिन्यातूनच विचारलं, "काय झालं रे?"

"गेलतो की. त्यांनी इचारलं, आत्ताच्या मॅनेजरचे दोष सांगा."

"मग?"

"मी सुरू केलं. जेवायची येळ झाली तरी संपंनात! मग ते साहेबच म्हणले, एवढ्या बारकाईनं ज्याला ओळखतो त्याला सोडून कशाला येतो?"

*

आणि मग आमसभा. मार्केट यार्डातली शेड, खाली सतरंज्या, गच्च भरलेले सभासद. पुरुष पुढं, पण दूध घालणाऱ्या बायकाही त्या दिवशी आलेल्या. विषय पत्रिकेवर होता आणि आमचं नशीब त्या विषयात.

पुण्याचे साहेब आधी बोलले. पडद्यावर रंगीत चित्रं, गोल फिरणारे बाण, शेवटी हसणारी गाय. खरंच सुंदर! आमच्या दुष्काळात इतकी गुबगुबीत गाय बघूनच दहा मतं गेली असतील. मग आमच्याकडून अर्चना उठली. तिनं दोन वाक्यांत सांगितलं, काय चालतं आणि काय अजून चालत नाही. ‘काय चालत नाही’ हे कोणी सभेत सांगतं का? चेअरमनसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी सतरंजीकडं.

"कुणा सभासदाला काय इचारायचं असल तर इचारा," चेअरमनसाहेब म्हणाले.

मागून उमापूरच्या गयाबाई उठल्या. दोन म्हशींच्या मालकीण, पदर खोचलेला. पुण्याच्या साहेबांना म्हणाल्या, "दादा, तुमचं लई झ्याक हाय. पर फॅट चुकीची दावली तर मी कुणाकडं जायाचं?"

"ताई, आमचा फुकट फोन नंबर आहे. दिवसरात्र चालू."

"लावलता की मागं, यंत्र बिघडलं तवा! एक दाबा म्हणलं, दाबलं. तीन दाबा म्हणलं, दाबलं. मग गाणं लावलं. तेवढ्यात मी दोन्ही म्हशी पिळून मोकळी झाले, गाणं चालूच!"

शेड हसू लागली. गयाबाईंनी हात वर केला.

"आन् ह्या अर्चीचं सॉफ्टवेअर बिघडलं की मी कुठं जाते म्हाईत हाय का? हिच्या आईकडं! कौसाच्या दारात बसून सांगते, तुझ्या लेकीनं माझ्या म्हशीच्या दुधात पाणी दावलंय. कौसा हिला फोनवर असली सोलती, का सांजच्या धारंच्या आदी दुरुस्त! तुमची आई कुठं राहती, दादा?"

सगळ्यांत मोठ्यानं पुण्याचे साहेबच हसले. "ताई, ही सोय आमच्याकडं नाही."

"अर्चीचंच मंजूर!" मागून बायका ओरडल्या. "मंजूर, मंजूर!" पत्र्याची शेड दणाणली. दत्तानं महेशला उचललं, का महेशनं दत्ताला, ते गर्दीत दिसलं नाही. अर्चना तेवढी डोक्याला हात लावून बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोवर फोन.

"शेठ, मी कौसाबाई, अर्चीची आई. पहाटेपासून दारात माणसं बसल्यात. एकाची फॅट कमी आलीय, एकाला मेसेज आला न्हाई. एकाचा तर संघाशी संबंधबी न्हाई, त्याचा मोबाईल बंद पडलाय म्हणून आलाय. माझी भाकरी तव्यावर करपली."

"माफ करा कौसाबाई, मी अर्चनाला सांगतो..."

"तिला कशाला सांगता? ते समदं मी बघते. तुमी येवढंच सांगा शेठ, माझं जॉइनिंग कवापासून धरलंय?"