अर्ध्या इडलीवरचा पहारा

कल्पना करा, तुमच्या पुढ्यात अर्धी इडली आहे आणि ती तुम्हाला पंचवीस मिनिटांत संपवायची आहे. घास हरभऱ्याच्या दाण्याएवढा, आणि प्रत्येक घास तीस वेळा चावायचा. मध्ये पाणी नाही. आधी अर्धा तास नाही, नंतरही अर्धा तास नाही. सांबार चालेल, पण चमचाभर. आणि हे सगळं चाललेलं असताना डावीकडच्या खुर्चीत एक माणूस चष्मा कपाळावर चढवून तुमच्या जबड्याकडे बघत बसलेला आहे. करून बघा एकदा. दहाव्या मिनिटाला इडली नकोशी होते आणि पंधराव्या मिनिटाला तो माणूस.

सरोजिनी हे मे महिन्यापासून करत होती. डावीकडे बसणारा माणूस तिचा नवरा, कृष्णकांत.

"उजव्याच बाजूने का चावतेस? दात दुखतोय?"

"डाव्या बाजूला तुम्ही बसलाय."

कृष्णकांतने वहीत वेळ टिपली. आठ वाजून बारा मिनिटं, अर्धी इडली, एक चमचा सांबार. चटणी नाही.

टिपून ठेवणं त्याच्या हाडात मुरलेलं होतं. अंबरनाथहून बदली होऊन तो तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या संरक्षण कारखान्यात आला आणि निवृत्तीपर्यंत तिथे तपासनीस होता. आलेला प्रत्येक सुटा भाग सदोष आहे असं धरून चालायचं आणि तसं नाही हे भागाने सिद्ध करायचं, ही त्याची कामाची रीत. वेलचेरी भागातल्या घरी बसल्यावर तपासायला भाग उरले नाहीत. बायको उरली.

मे महिन्यात सरोजिनीचं वजन एकशे अठरा किलो होतं. बारा वर्षांपासून थायरॉइड, आणि गुडघे असे की दोन जिने उतरायचे म्हणजे ती आदल्या दिवसापासून धास्तावायची. जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झाली ती या गुडघ्यांसाठीच. हाडांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, नव्वदच्या खाली या, जानेवारीतला पोंगलचा सण झाला की गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख देतो. वजन उतरलंही छान. एकशे दहा, एकशे तीन, अठ्ठ्याण्णव. सप्टेंबरच्या मध्यावर काटा शहाण्णव पूर्णांक चारवर आला आणि तिथेच बसला. सात आठवडे झाले, हलायचं नाव नाही. दिवाळी गेली, पाऊस आला, शेजारपाजाऱ्यांनी पुराच्या धास्तीने आपापल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावल्या आणि पाणी ओसरल्यावर परत आणल्या. काटा तिथेच.

कृष्णकांतचा पहिला संशय अर्थातच काट्यावर. त्याने पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा भरलेला कॅन काट्यावर ठेवला, मग रिकामा ठेवला आणि वजाबाकी केली. बरोबर वीस किलो. दोन कॅन ठेवून पाहिले, चाळीस. काटा निर्दोष सुटला.

म्हणजे दोष काट्यावर उभं राहणाऱ्या व्यक्तीत.

औषधांकडे संशय जायचा प्रश्नच नव्हता, कारण औषधांची व्यवस्था त्याची होती. ऑगस्टच्या तपासणीत पावडरी आणि सिरपं बंद होऊन कॅल्शियमच्या, लोहाच्या आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या सुरू झाल्या. थायरॉइडची जुनी गोळी होतीच. दवाखान्याने दिलेल्या कागदावर पाच निरनिराळ्या वेळा छापलेल्या होत्या, आणि पहिल्याच आठवड्यात सरोजिनी दुपारची गोळी दोनदा विसरली. कृष्णकांतने तो कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. टप्पे जितके कमी तितक्या चुका कमी, हे तो कारखान्यात नव्या पोरांना शिकवत आला होता. त्याने खणांची एक डबी आणली, प्रत्येक वाराच्या खणात त्या दिवसाच्या सगळ्या गोळ्या भरल्या आणि सकाळी सहाला त्या एकदमच द्यायला सुरुवात केली. सोबत स्वतःच्या हातची फिल्टर कॉफी, अर्धा टंबलर. त्यानंतर एकही गोळी चुकली नाही. कुणी विचारलं असतं तर त्याने ती डबी कौतुकाने दाखवली असती.

राहिलं खाणं. त्याने गुळाच्या डब्याला आतून पेन्सिलीने खूण केली. बिस्किटं मोजली. सरोजिनी आंघोळीला गेली की तिच्या पर्समध्ये हात घालून पाहिला. तिथे आवळ्याची सुपारी निघाली, तीही जुनी, चिकटून बसलेली. खूण हलली नाही, बिस्किटं घटली नाहीत. यावरून कृष्णकांतने निष्कर्ष काढला की ती बाहेर खाते.

बाहेर म्हणजे कुठे? ती घर सोडून जायची ते फक्त शुक्रवारी संध्याकाळी, समोरच्या दारात, तमिळ शेजारीण कनका मामींकडे. तिथे सातआठ बायका जमून स्तोत्रं म्हणायच्या आणि शेवटी प्रसाद. हरभऱ्याची उसळ, आणि कधी तुपात न्हालेला गोड पोंगल, म्हणजे इकडचा गूळभात. कृष्णकांतच्या डोळ्यांपुढे तो पोंगल तरळला आणि सगळा हिशेब जुळला.

सोमवारी दुपारी सरोजिनीचा डोळा लागलेला पाहून त्याने मामींची बेल दाबली. मामींना हिंदी यायची नाही. कृष्णकांत तमिळ बोलायचा, पण ती कारखान्यातली, हुकूम सोडायला पुरेल एवढीच.

"मामी, शुक्रवारचा प्रसाद," तो म्हणाला. "किती असतो?"

मामींचा चेहरा उजळला. 'सर'ला त्या 'सार' म्हणायच्या. "अय्यो सार, आधी सांगायचं ना! बसा." आणि त्याला पुढचं वाक्य जुळवायच्या आत वाटीभर गोड पोंगल त्याच्या हातात आला.

"मला नको. सरोजिनी. ती किती खाते?"

"ती? ती एक दाणा घेते. डोळ्यांना लावते, तोंडात टाकते. बाकीचा कागदात बांधून नेते. म्हणते, सारना आवडतो. खा हो, गार होईल."

कृष्णकांतने घास घेतला. दर शुक्रवारी रात्री ताटाशेजारी येणारी उसळीची पुडी त्याला आठवली. ती तर तोच संपवत होता. क्षणभर तो ओशाळला, पण मग त्याला वाटलं, मामी उत्तर फारच पटकन देताहेत. या बायका एकमेकींना सांभाळून घेतात. वाटी संपवून तो घरी आला आणि वहीत लिहिलं, साक्षीदार विश्वासार्ह नाही.

सरोजिनी दारातच उभी होती.

"मामींकडे काय काम होतं?"

"सहज."

"मिशीला तूप लागलंय सहजचं." ती वळली आणि भिंतीला धरून आत गेली. जाता जाता म्हणाली, "गुरुवारी दवाखान्यात जायचंय. त्यांनी सांगितलेल्या तपासणीचं रक्त मी आज सकाळी देऊन आले. तुम्ही बँकेत गेला होतात तेव्हा."

"एकटी? जिने उतरून?"

"मग काय, डॉक्टर वर येणार होते?"

त्या रात्री कृष्णकांतने वहीला प्लास्टिकचं कव्हर घातलं. गुरुवारी ती डॉक्टरांपुढे ठेवायची असं त्याने ठरवलं होतं. त्यांनीच विचारावं. एकदा खरं बाहेर आलं की वजन उतरेल, वजन उतरलं की गुडघा होईल. तो हे तिच्या भल्यासाठीच करत होता, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

दवाखान्यात या वेळी नवीन आहारतज्ज्ञ होती, हरिणी नावाची, पंचविशीतली. ती संगणकावर कागद उघडत असताना कृष्णकांत मराठीत सरोजिनीच्या कानाशी पुटपुटला, "अजून वेळ आहे. काय खातेस ते स्वतःच सांगून टाक. मला बोलायला लावू नकोस."

"अंकल, तुम्हीच सांगा की, ऐकते मी," हरिणी म्हणाली. मराठीतच, पण बोलणं जुन्या वळणाचं, वाक्याच्या शेवटी तमिळ हेल काढणारं. तिचं घर तांबरमला, आणि घरात तंजावरची मराठी. कृष्णकांतच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"वही दाखवा ना," सरोजिनी म्हणाली. "आणलीय ना? पिशवीत, रुमालाखाली."

तिला वही माहीत होती! कधीपासून? त्याने ती काढून टेबलावर ठेवली. हरिणीने पान उलटलं, मग आणखी एक. मग तिने गणकयंत्र ओढून घेतलं आणि बराच वेळ आकडे घालत राहिली. कृष्णकांत खुर्चीच्या कडेवर सरकला.

"एवढी नीट वही मला कुणी आणून दिली नव्हती," ती म्हणाली. "दिवसाला सहाशेच्या आसपास कॅलरी. एकही दिवस जास्त नाही. अंकल, आंटी चोरून खात नाहीत हे तुम्हीच लिहून आणलंय."

"मी पाहिलं तेवढंच आहे त्यात."

"तुम्ही काय पाहायचं सोडलंय?" सरोजिनी म्हणाली.

हरिणीने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा. थायरॉइड नीट आहे का ते सांगणारा आकडा. ऑगस्टमध्ये तीनच्या आत होता. आता सोळा. म्हणजे गोळी अंगाला लागत नाहीये. आंटी, गोळी कधी घेता?"

कृष्णकांतने तिला उत्तर देऊ दिलं नाही. निदान एवढी तरी गोष्ट त्याच्या बाजूची होती. त्याने डबी काढली, झाकण उघडलं आणि सकाळचे सहा, सगळ्या गोळ्या एकदम, कॉफीबरोबर, एकही चूक नाही, असं सगळं सांगून टाकलं.

हरिणीने बोटाने एकेक गोळी वेगळी केली. "ही थायरॉइडची. हिला पोट रिकामं लागतं आणि नुसतं पाणी. कॉफी किमान एक तासाने. हे लोह आणि हे कॅल्शियम, ही दोन्ही हिला आत शिरू देत नाहीत. मध्ये चार तास पाहिजेत. आणि ही दोघंही एकमेकांपासून लांब. म्हणून तर कागदावर पाच वेळा होत्या."



"आंटी, तुम्ही यांना सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," सरोजिनी म्हणाली. "एकदा."

कृष्णकांतने झटकन तिच्याकडे पाहिलं. ती डबीकडे बघत होती.

मग हरिणीने डॉक्टरांना विचारून सगळं लिहून दिलं. डोस तोच, वेळा बदलायच्या, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त. तोपर्यंत गुडघ्याची तारीख नाही. पोंगलचा मुहूर्त विसरायचा.

"म्हणजे हे सगळं माझ्यामुळे?" कृष्णकांतने विचारलं.

"सगळं नाही, अंकल. या टप्प्याला बऱ्याच जणांचं वजन अडतंच. थायरॉइड नसलं तरी."

"मग माझा वाटा किती? टक्क्यांत सांगा."

"तसं नाही सांगता येत."

घराचे दोन जिने चढताना सरोजिनी प्रत्येक पायरीवर थांबत होती. त्याने हात पुढे केला. तिने तो घेतला, पण वर पोचल्याबरोबर सोडला. ड्रॉवरमधला घडी केलेला कागद काढून तिने स्वयंपाकघरात चिकटवला आणि डबी स्वतःच्या उशाशी नेऊन ठेवली.

कृष्णकांत जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन बसला. ऑगस्टपासून एकेक पान तो बोट फिरवत वाचत गेला. ढवळल्यासारखं होतंय, असं ती म्हणाल्याची नोंद होती, वेळेसकट. झोप फार येते, केस गळतात, याही नोंदी होत्या. पुढे कंसात त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, (सबबी?). गोळ्यांबद्दल ती काही बोलल्याची नोंद मात्र कुठेच नव्हती. त्याने वही शेवटापासून उलटी वाचली. नव्हती.

ती म्हणालीच नसेल? दवाखान्यात त्याला खाली पाहायला लावायला तिने ते ऐन वेळी रचलं असेल? की ती म्हणाली होती आणि त्याला ते टिपून ठेवण्यासारखं वाटलंच नव्हतं? दुसरी शक्यता त्याला पहिलीपेक्षा जड गेली.

आतून भांड्यांचा आवाज थांबला. सरोजिनी दारात आली, पदराला हात पुसत.

"काय शोधताय?"

कृष्णकांतने वही मिटली नाही. "सरोज, तू मला गोळ्यांबद्दल नक्की कधी सांगितलं होतंस? आणि तेव्हा मी काय म्हणालो होतो?"