शंभर टक्के भरलेली गाडी

दुलईला खोळ घालत होते. दोन कोपरे जागेवर बसले होते, तिसरा आत कुठेतरी गुंडाळला गेला होता आणि मी खांद्यापर्यंत हात घालून तो चाचपडत होते. तेवढ्यात भाऊजी वरच्या मजल्यावरून खाली आले. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. एरवी दारातूनच "वहिनी, चहा आहे की नुसतंच पाणी?" अशी हाक घालणारा माणूस. आज काही न बोलता आत आले, दुलईचं दुसरं टोक हातात धरलं आणि तसेच उभे राहिले.

"झटका की आता," मी म्हटलं.

त्यांनी झटकलं नाही. "वहिनी, सिस्टरना टेकडीपलीकडचा पेशंट मिळालाय. सोमवारपासून रोज संध्याकाळी जाणार आहेत. त्या गाडीने."

मी हात बाहेर काढला. दुलई कॉटवर तशीच पडली.

भाऊजी वजनकाटे दुरुस्त करतात. वाण्याचा काटा, सराफाचा नाजूक काटा, दवाखान्यात तान्ह्या बाळाला झोपवून तोलायचा काटा. प्रमाण वजनांची जड पेटी घेऊन दुकानोदुकानी जायचं, वजनं काट्यावर ठेवायची आणि फरक निघाला तर काटा उघडून नीट करायचा, हे त्यांचं काम. एकदा एका बेकरीवाल्याने हसत हसत सुचवलं, "जरा माझ्या बाजूला झुकू द्या की." भाऊजींनी पेटी उचलली आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. त्यांची बायको, आमची धाकटी, हा किस्सा निघाला की म्हणते, "पायरी चढला नाहीत ते छानच, पण झालेल्या कामाचे पैसे घेऊन तरी उतरायचं होतं!"

त्या पेटीसाठीच त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली, आमच्या रस्त्यावर सगळ्यांच्या आधी. धूर नाही, आवाज नाही, देवाने केलेल्या हवेला त्रास नाही, म्हणून मलाही तिचं फार कौतुक होतं. धाकटी तिला सवत म्हणायची. "मला ताप आला तर एक गोळी फेकतात, आणि सवतीला थंडी वाजली की पांघरूण!" पांघरूण खरंच होतं, मापाने शिवून घेतलेलं.

रात्री घरी आले की वायर जोडायची आणि सकाळपर्यंत गाडी काठोकाठ भरायची, हा त्यांचा नेम. निम्म्याहून जास्त भरलेली असली तरी भरायची, दुसऱ्या दिवशी कुठे जायचं नसलं तरी भरायची. उन्हाळ्यात ही दोघं महिनाभर लेकीकडे राहायला गेली की गाडी मागे अंगणात, भर उन्हात, वायर लावलेली. आमच्या सासूबाईंची शिस्त होती की रात्री घरातलं एकही भांडं रिकामं ठेवायचं नाही. भाऊजींनी ती गाडीलाही लावली. अशी कायम काठोकाठ ठेवली, त्यातून उन्हात, की बॅटरी लवकर म्हातारी होते आणि रोजच्या कामाला ऐंशीपर्यंत भरली तरी पुरते, हे वर्कशॉपच्या मेकॅनिकने सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्या दिवशी घरी येऊन भाऊजी जिन्यातच बसले. "लाडाने मारली की हो मी तिला," म्हणाले.

आधी नुसतं जाणवायचं की पूर्वीइतकी जात नाही. मग थंडी आली की निम्म्यावर यायला लागली. हीटर लावला तर आकडा भराभरा खाली येई, म्हणून भाऊजी हीटर बंद ठेवून कानटोपी, हातमोजे आणि मांडीवर शाल अशा थाटात गाडी चालवायचे. काचेवर धुकं धरलं की रुमालाने पुसायचे. परतीच्या वाटेवर चार्जिंगच्या जागी रांगेत बसून राहायचं, तोवर इकडे गिऱ्हाईक वाट बघून दुसऱ्याला बोलावून मोकळं. हमीची मुदत संपून गेली होती. नव्या बॅटरीचा भाव काढला, तर अख्खी गाडी विकूनही तेवढे पैसे आले नसते. "इतकी वर्षं पेट्रोल वाचलं, पेट्रोल वाचलं म्हणून नाचत होतात ना," धाकटी म्हणाली, "ते सगळं सवत आता एकरकमी मागतेय."

मग त्यांनी गाडी विकायला काढली, आणि ती घेतली सिस्टरनी.

सिस्टर मागच्या गल्लीत राहतात. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन मलमपट्टी करतात, इंजेक्शनं देतात. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात त्यांच्या पाठीच्या जखमा याच बाईंनी धुतल्या, नाक न मुरडता, त्यांच्याशी गप्पा मारत. गाडी बघायला आल्या तेव्हा हवा उबदार होती. भाऊजींनी सवयीप्रमाणे रात्रभर वायर लावून ठेवली होती. सिस्टर आत बसल्या, पडद्यावर बघितलं आणि खूश झाल्या.

"अगबाई, शंभर टक्के! म्हणजे बॅटरी अजून नव्यासारखीच आहे."

तो शंभर काय सांगतो, तर आज बॅटरीत जेवढं मावतं तेवढं भरलंय. मुळात किती मावायचं ते तो सांगत नाही. भांडं लहान झालं तरी काठोकाठ भरतंच. खालच्या कोपऱ्यात किती अंतर जाईल तो आकडाही होता, पण सिस्टरना तेव्हा गावातल्या गावात फिरायचं होतं, त्यांनी तिकडे पाहिलं नाही. भाऊजींनी दाखवलं नाही. "जिवापाड जपलीय मी," एवढंच म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. मी चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभी होते. मलाही सगळं ठाऊक होतं. मी सिस्टरना विचारलं, साखर किती घालू?

आणि आता थंडी पडली होती, आणि सिस्टर टेकडी ओलांडून जाणार होत्या.

"तुम्ही सांगा ना वहिनी," भाऊजी कॉटच्या कडेवर बसत म्हणाले. "तुमचं त्या ऐकतील. मी आपला... गाडी जरा बघून न्या, एवढंच सांगा."

"मी काय सांगू? आणि जरा म्हणजे किती, ते त्यांनी विचारलं तर?"

तोवर मागोमाग धाकटी उतरली. तिने सगळं ऐकलं होतं. "कशाला सांगायचं? गाडी आकडा दाखवते की. कळेल तिचं तिला."

"कळेल," भाऊजी म्हणाले, "टेकडीच्या पलीकडे, अंधारात."

"आणि गाडीच्या पैशांतून जुनी व्हॅन ठरवलीय, उद्या व्हॅनवाल्याला पैसे द्यायचेत त्याचं काय? बसमध्ये ती पेटी चढवताना तुमची कंबर धरते, ती चोळते कोण?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्ही तरी समजवा. विकताना तोंड उघडलं नाही, आता कसला पुळका?"

मी म्हटलं, "विकताना मीही उघडलं नाही. तूही वरून खिडकीतून बघत होतीस."

धाकटी हळू आवाजात म्हणाली, "होते. म्हणून काय रोज त्याचीच उजळणी करायची?"

"सकाळी देवापुढे बसलो होतो," भाऊजी म्हणाले. "हात जोडले, डोळे मिटले, की सिस्टरच दिसतात. आईची पाठ धुताना. मग उठलोच."

माझंही गेले काही दिवस तसंच चाललं होतं. प्रार्थनेचे शब्द तोंडाने म्हणायचे आणि मनात साखर विचारायची.

शेवटी आम्ही दोघं निघालो. सिस्टर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट्टीच्या कापडाचे चौकोन कापत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी खुर्ची पुढे केली. भाऊजी बसले नाहीत. उभ्याउभ्याच, वाण्याला काट्यातला फरक सांगावा तसं सगळं सांगून टाकलं. बॅटरी किती उरली, थंडीत किती कमी होते, आणि हे विकताना माहीत होतं.

सिस्टरनी कात्री खाली ठेवली.

"टेकडीपलीकडे जाऊन परत येईल का नाही?"

"जाईल. परत यायची खात्री नाही. हीटर लावलात तर नाहीच."

"माझी स्कूटर मी भाच्याला देऊन टाकली, आणि संध्याकाळी तिकडून परतीची बस नाही," सिस्टर म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाची गाडी असती ना, तर दहा जणांना दाखवली असती. म्हटलं, काटेवाल्याकडून घेतेय, बघायचं काय त्यात."

भाऊजींची मान खालीच. सिस्टर माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुम्ही तर किती देवाचं करता."

मी टेबलावरचे कापलेले चौकोन एकावर एक रचायला लागले.

"गाडी पूर्ण परत घेतो," भाऊजी म्हणाले. "सगळे पैसे देतो."

"आणि मी फिरू कशाने? तुमच्या खांद्यावर बसून?" त्या रागातही हे असं बोलल्या, की मला हसू येईलसं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली. "गाडी राहू दे. गावातल्या फेऱ्यांना चालेल. अर्धे पैसे परत आणा. आणि दुसरं. टेकडीपलीकडचे ते आजोबा, माझे पेशंट, त्यांच्या लेकीला मी शब्द दिलाय. माझ्या भरवशावर तिने दुसऱ्या नर्सला नाही सांगितलं. आता मी येत नाही हे तिला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. का येत नाही तेही सांगायचं."

"फोन नंबर द्या, आत्ता..."

"फोनवर नाही. दारात जाऊन."

घरी आल्यावर धाकटीने आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "गेली व्हॅन." वर जाऊन तिने पाकीट आणलं, अर्धे पैसे वेगळे काढले आणि नवऱ्याच्या हातात न देता माझ्या हातात दिले. "तुम्हीच पोचवा ताई. यांना आता त्या बाईसमोर नका उभं करू." मी तशीच परत सिस्टरकडे गेले. सिस्टरनी पैसे घेतले, मोजले नाहीत, आत बोलावलंही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या दारातून परत आले.

संध्याकाळी भाऊजी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. चहा दिला, तो निवला.

"सगळे पैसे मागितले असते तर बरं झालं असतं," म्हणाले.

"का?"

"अर्धे मागून त्यांनी मला अर्धा सोडला. मी तेवढा सुटलेलो नाही, वहिनी. आजोबांच्या इंजेक्शनचं काय होणार, ते तर माझ्या डोक्यात आलंही नव्हतं. मला आपली रस्त्यात अडकलेली गाडीच दिसत होती."

मी त्यांना धीर द्यायला हवा होता. पण देणार कुठून? माझ्या वाट्याचं तर कोणी काही मागितलंही नाही. मी बसचं वेळापत्रक तेवढं विचारून घेतलं होतं, ते सांगितलं.

उद्या सकाळच्या पहिल्या बसने भाऊजींना टेकडीपलीकडे जायचंय, आजोबांच्या लेकीला सांगायला, की सोमवारी सिस्टर येणार नाहीत.