लेझर प्रिंटर आणि थर्मलची राख

कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स करून मी लातूरहून परळीला परतले, तेव्हा आमच्या गल्लीत माझ्याइतकं शहाणं कुणीच नव्हतं. निदान माझी तरी तशी खात्री होती. कुणाचं घड्याळ बंद पडलं तरी लोक माझ्याकडं यायचे आणि मीही ते उघडून बघायचे. ‘मला येत नाही’ हे तीन शब्द काही त्या कोर्समध्ये शिकवत नव्हते. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली मुलगी कुणाला बघायची असती, तर त्यानं तेव्हा मला येऊन बघावं.

माझे मामा टायपिंगचा क्लास चालवायचे. कॉम्प्युटर आले तशी मुलांची संख्या रोडावली, म्हणून त्यांनी एका पतसंस्थेनं काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर घेतला. त्यावर विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये चालणारं मराठीचं एक सॉफ्टवेअर होतं आणि मामांची बोटं त्यावर भराभर चालायची. अडचण प्रिंटरची होती. होता तो डॉट मॅट्रिक्स करकरायचा फार आणि अक्षर ठिपक्याठिपक्यांचं काढायचा. मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाई त्यांना म्हणाल्या होत्या, “अक्षर छापल्यासारखं द्या, वार्षिक परीक्षेचे सगळे पेपर तुमच्याकडं.” ते काम मिळालं तर क्लास तगणार होता. नाहीतर कुलूपच लावायचं बाकी होतं.

“लेझर घ्यायचा हाय,” मामा मला म्हणाले. “मला त्यातलं काई कळत न्हाई. तू म्हणशील त्यो.”

लातूरच्या दुकानात दोन प्रिंटर मांडलेले होते. एक बोजड, मातकट रंगाचा, आणि दुसरा सुबक, पांढराशुभ्र. मी पांढऱ्यावर हात ठेवला. दुकानदारानं विचारलं, “मॅडम, तुमच्या मशीनवर काय आहे? डॉस की विंडोज?”

मॅडम मला पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं. प्रिंटरचा आणि त्याचा काय संबंध, हे मला ठाऊक नव्हतं. वायर जोडली की प्रिंटर चालतो, एवढंच माझं ज्ञान. “का हो, काय फरक पडतो?” एवढं विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण शेजारी मामा उभे होते, माझ्याकडं कौतुकानं बघत. मी म्हणाले, “आमच्याकडं सगळं चालतं.”

“नाही जमला तर आठ दिवसांत बदलून न्या,” दुकानदार म्हणाला. “नंतर नाही.”

मामांच्या घरी, क्लासच्या खोलीत आणून जोडला, तर एक लाइट लुकलुकला आणि कागद जागचा हलला नाही. मी वायर काढली, परत लावली, उगाच फुंकर मारली. मग मामा चहा सांगायला आत गेले तेव्हा सोबतचं पुस्तक उघडलं. पहिल्या दोन पानांतच लिहिलेलं होतं की हा प्रिंटर फक्त विंडोजवर चालेल. मामांच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला विंडोज पेलणं शक्यच नव्हतं. पाव तासात मला सगळं लख्ख कळलं होतं.

मामा आणि मामी दारात येऊन उभे राहिले. “राख तर न्हाई ना गेली आत?” मामांनी काळजीनं विचारलं.

परळीत कशालाही थर्मलची, म्हणजे वीजकेंद्राची, राखच जबाबदार असते. दोरीवरचे कपडे काळवंडले, राख. खोकला हटत नाही, राख. “हो मामा, राखच दिसतेय,” मी म्हणाले. “नाजूक मशीन आहे.” उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर खिडक्यांच्या फटींवर खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवलेली. पंख्यानं राख उडते म्हणून पंखा बंद. होळी होऊन गेलेली, अंगाची लाही होत होती, आणि त्या कोंदट खोलीत मामी दिवसातून चार वेळा फरशी पुसत होती. जुन्या मऊ लुगड्याच्या फडक्यानं प्रिंटरही पुसायची. मी रोज संध्याकाळी जायचे, एक बटण दाबायचे आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणायचे, “अजून थोडी आहे.”

आठ दिवसांचं मला पक्कं ठाऊक होतं. रोज सांगायचं ठरवून निघायचे आणि दारातच मामा कुणाला तरी सांगताना ऐकू यायचे, “आमची भाची बघतीय, काई काळजी न्हाई.” की मी आत जाऊन नुसतं बटण दाबायचे. आठवा दिवस उलटला तेव्हा मला थोडं हायसं वाटलं होतं. आता दुकानात जाऊन तोंड दाखवायला नको, म्हणून. हे लिहितानाही मला माझी शरम वाटते.

दहाव्या दिवशी मामाच म्हणाले, “चल, लातूरला नेऊन साफ करून आणू.” एसटीत तो प्रिंटर त्यांनी टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरला होता.

दुकानदारानं झाकण उघडून बघितलं. “राख? कणभर नाही. डॉसवर हा चालतच नाही. तो मातकट दोन्हीवर चालला असता. म्हणून तर मी विचारलं होतं.” आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. बदलून द्यायची मुदत गेली होती.

“इचारलंतं खरं,” मामा म्हणाले. “माझ्याच ध्यानात आलं न्हाई.”

मी समोरच्या फळीवरची खोकी बघत राहिले.

परतीच्या एसटीत अंबाजोगाई मागं पडली. मग मामा म्हणाले, “पेपर गेले आता दुसरीकडं. ते जाऊ दे. पर तुझ्या मामीला तू सांग. मी सांगणार न्हाई.”

मामी फरशीच पुसत होती. मी उंबऱ्यातच उभी राहून सांगून टाकलं, “मामी, प्रिंटरमध्ये राख नव्हतीच. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी खोटं बोलले.”

ती फडकं बादलीत पिळत राहिली.

“लगीन होऊन आले तवापासून ह्या गावची राख पुसतीय,” ती म्हणाली. “त्या डब्यावरनं फडकं फिरवलं की कोरंच्या कोरं यायचं.”

“मग बोलल्या का नाहीत?”

“तू शिकलेली हायेस बाई. मला वाटलं, मलाच पुसता येत न्हाई.”