गुलाबी सीटची इम्पाला

शहाणी माणसं पोटासाठी एखादं काम करत असतील, तर त्यातून किस्से फारसे निघत नाहीत. पोटाचा प्रश्न असला की माणूस जपून वागतो. पण तीच माणसं कोणी सांगितलेलं नसताना, घरच्यांची बोलणी खात, दर रविवारी एखाद्या कामासाठी जीव टाकायला लागली, की दोन-तीन वर्षांत पोतंभर किस्से साठतात. आमचे तसेच साठले. नव्वदच्या आसपास आम्ही पनवेलमध्ये बसून जुन्या अमेरिकन गाड्या बनवत होतो.

खऱ्या नव्हे. खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाच्या, म्हणजे वीतभर लांबीच्या. पण त्यात स्टिअरिंग, डॅशबोर्ड, आरसे, इंजिनाच्या वायरी, सगळं काही.

आम्ही म्हणजे तिघं. मी तळोज्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. दुसरे डॉक्टर गद्रे, दातांचे. त्यांचा दवाखाना स्टँडजवळ होता आणि रविवारी तो आमचा कारखाना व्हायचा. तिसरे लतीफभाई, कळंबोलीला ट्रक रंगवायचे. तिघांपैकी अमेरिका कोणीच पाहिलेली नव्हती. अमेरिकन गाडीत फक्त डॉक्टर बसले होते. लहानपणी, मुंबईत, टॅक्सीमध्ये. त्या टॅक्सीत त्यांना उलटी झाली होती. एवढ्या अनुभवावर ते आमचे तज्ज्ञ होते.

*

पहिली गाडी इम्पाला. तेव्हा तयार किट मिळणं अवघड, म्हणून बॉडी आम्ही पत्र्याची आणि पुठ्ठ्याची केली. सीटचं काय करायचं यावर दोन रविवार चर्चा झाली. मग डॉक्टर म्हणाले, "अहो, माझ्याकडे आहे की मटेरियल."

त्यांच्याकडे कवळी बनवायचं मटेरियल होतं. ते साच्यात घातलं की हवा तो आकार घेतं, कडक होतं, पॉलिश केलं की चमकतं. फक्त त्याचा रंग हिरड्यांचा असतो.

डॉक्टरांनी ड्रिलने सीटवर शिवणीच्या बारीक रेघा काढल्या. काम खरोखर नामी झालं होतं. माझे मेहुणे पुण्याहून आले होते, त्यांना मी कौतुकाने गाडी दाखवली. पुण्याचा माणूस लगेच बरं म्हणत नाही हे मला माहीत होतं. त्यांनी चष्मा वर केला, आत डोकावले आणि म्हणाले, "चांगली आहे. पण बसायची भीती वाटते. चावेलबिवेल."

*

रविवारी दवाखाना बंद असे, पण दुखणाऱ्या दाताला रविवार कळत नाही. एकदा खाडीकडच्या गावातून एक गृहस्थ आले. गाल नारळाएवढा सुजलेला. डॉक्टरांना नाही म्हणवेना, त्यांनी गृहस्थांना बाकावर बसवलं. स्वतः पेशंटच्या खुर्चीच्या हातावर गाडीचं बॉनेट चिमट्यात धरून त्याला भोक पाडत होते. मी बॅटरी धरली होती. ड्रिलचा तो आवाज, पत्र्याचा वास आणि थोडासा धूर.

"दोन मिनिटं हां," डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "हे एक भोक झालं की तुम्हालाच घेतो. हेच ड्रिल आहे, फक्त पुढची पिन बदलायची."

गृहस्थांनी ड्रिलकडे बघितलं, बॉनेटकडे बघितलं. "नाय, निवांत करा तिचा," ते म्हणाले. "माजा दात आता बरा हाय."

आम्ही मान वर केली तेव्हा बाक रिकामा होता. दाराबाहेर चपला तशाच होत्या.

मंगळवारी ते चपला न्यायला आले. आत काही आले नाहीत. पायरीवरूनच त्यांनी विचारलं, "गाडीला आता उतार हाय का?"

*

डॉक्टरांचे साडू अमेरिकेत होते. त्यांनी पार्सलने एक किट पाठवलं, थंडरबर्डचं. ते कस्टममधून सोडवायला मुंबईला जावं लागलं. मी रजा टाकली, डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला. खिडकीमागच्या साहेबांनी पार्सलवरचा कागद वाचला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"यात कार आहे?"

"मॉडेल आहे. जोडायचं," डॉक्टर म्हणाले.

"सुटे भाग करून आणली?"

मी मध्ये पडलो. म्हटलं, साहेब, प्लास्टिकची आहे, एवढीशी. खोकं एका हातात मावतंय, बघा ना. साहेबांनी खोकं हलवून बघितलं. आतून खुळखुळ आवाज आला. त्यांची बहुतेक खात्री पटली.

"मग खेळणं लिहितो."

"खेळणं नाही हो ते," डॉक्टर दुखावून म्हणाले. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"खेळणंच लिहा," मी म्हटलं.

साहेब लिहायला लागले. "खेळणाऱ्याचं वय?"

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग शर्ट नीट केला, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "बावन्न. चालू."

*

त्या काळच्या अमेरिकन गाड्या म्हणजे निम्मी गाडी आणि निम्मं क्रोम. बंपर, जाळी, दिव्यांच्या कडा, सगळं आरशासारखं. रुपेरी रंग लावला तर गाडी स्टीलच्या डब्यासारखी दिसते. आम्ही चॉकलेटची चांदी वापरून बघितली, सिगारेटच्या पाकिटातली वापरून बघितली. सुरकुत्या पडायच्या.

एका दिवाळीत डॉक्टरांना काजूकतलीकडे बघताना साक्षात्कार झाला. वर्ख! त्याच्याइतकी पातळ चांदी दुसरी कुठली असणार? मिठाईवाल्याकडे जाऊन कोरा वर्ख आणणं सोपं होतं, पण हुशार माणसाला सोपं कसं सुचेल? डॉक्टर तीन तास चिमट्याने काजूकतलीवरचा वर्ख सोडवून थंडरबर्डच्या बंपरवर चढवत होते.

आणि खरं सांगायचं तर दिसली झकास. लतीफभाईंनी लांबून बघून "माशाल्ला" म्हटलं. ते हा शब्द ट्रकच्या कामावरही जपून वापरायचे.

पुढच्या रविवारी दवाखाना उघडला तर थंडरबर्ड काळी. पुढून मागून मुंग्या. वर्खासोबत काजूकतलीही थोडी आली होती. डॉक्टर हताश होऊन बघत राहिले.

लतीफभाई म्हणाले, "डाक्टरसाब, आता दातांना काय होतं ते गाडी दाखवून समजवा लोकांना."

*

लतीफभाईंचा रंगाचा हात म्हणजे हातच. मी ज्या गाडीवर सात महिने घालवले होते, तीच मी त्यांच्याकडे रंगवायला दिली. एकोणसाठ सालची, मागे मोठे पंख असलेली. मी पुस्तकातून मापं घेऊन तिचा एकेक स्क्रू अस्सल केला होता. लतीफभाईंना कागदावर लिहून दिलं होतं: फिकट निळा, टप पांढरा, बाकी काही नाही. "बाकी काही नाही" याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

गाडी आली. निळा रंग असा की त्यात तोंड बघावं. मग मी ती वळवली. मागे, दोन पंखांच्या मध्ये, मुंगीएवढ्या अक्षरांत, पिवळ्यावर लाल: हॉर्न ओके प्लीज. शेजारी एक कमळ. पुढच्या बंपरला धाग्याने बांधलेलं पुट्टीचं लिंबू आणि मिरच्या.

"लतीफभाई, हे काय?"

"खाली जागा दिसली," ते म्हणाले. "एवढी चांगली गाडी, कोणाची नजर लागली तर?"

पुसायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी मुंबईत हौशी लोकांचं प्रदर्शन होतं, नाव दिलेलं होतं. मी ती गाडी भिंतीकडे पाठ करून ठेवली आणि लिंबासमोर नावाची पाटी उभी केली. परीक्षकांनी नेमकी उचलून बघितली. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी भिंगातून ते कमळ बराच वेळ न्याहाळलं.

आम्हाला बक्षीस मिळालं. "स्थानिक बारकाव्यांचा सखोल अभ्यास" यासाठी. माझ्या सात महिन्यांबद्दल कोणी काही बोललं नाही. लतीफभाई मात्र येताना वाटेत म्हणाले, "तुम्ही नाराज होऊ नका. तुमचं कामही ठीक होतं."

*

या बक्षिसाचा डॉक्टरांवर फार परिणाम झाला. त्यांनी ठरवलं, आता चकचकीत गाड्या पुरे. आता वास्तव. एक जुना पिकअप घ्यायचा, शेतावर वीस वर्षं झिजलेला, गंजलेला.

गंज चढवणं हे रंगवण्यापेक्षा अवघड काम आहे. आधी तपकिरी, त्यावर नारिंगी, मग मीठ टाकून वरचा रंग लावायचा आणि मीठ झाडायचं, म्हणजे पोपडे उडाल्यासारखे दिसतात. डॉक्टर स्कूटर घेऊन कर्नाळ्याच्या रस्त्याला गेले, तिथली लाल माती रुमालात बांधून आणली, वस्त्रगाळ करून चाकांवर फुंकली. चार महिने चाललं होतं हे. शेवटी एका शनिवारी ते पिकअप घरी घेऊन गेले, बैठकीत शोकेसवर ठेवला आणि कोणाचं लक्ष जातंय याची वाट बघत बसले.

मालतीवहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या सौभाग्यवती, या छंदाबद्दल कधी बोलायच्या नाहीत. त्यांचं न बोलणं बोलण्यापेक्षा जास्त ऐकू यायचं. पण त्या दिवशी त्यांना वाटलं, आपणही कधी रस घ्यावा.

डॉक्टर दुपारची झोप काढून उठले तेव्हा पिकअप शोकेसवर नव्हता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर भांड्यांच्या शेजारी उपडा घातला होता. स्वच्छ, पांढरा, थेंब गळत.

"काथ्याने घासला तेव्हा कुठे निघालं," वहिनी म्हणाल्या. "इतका गंज चढला होता, तुमचं लक्षही नाही. एखादी वस्तू घेतली की निगा राखावी हो माणसाने."

डॉक्टर त्यानंतर दोन रविवार आले नाहीत.

*

आणि घरतमामा.

हे रोडपालीचे. मुंबईत एका शेठकडे अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होते. वय झालं तसे गावी परत आले. प्रदर्शनाची बातमी ऐकून एका रविवारी दवाखान्यात आले, सगळ्या गाड्या हात मागे बांधून बघितल्या आणि म्हणाले, "आमची एक होती. काळी बेल एअर. ती जमंल का?"

फोटो नव्हता. कधी कोणी काढलेला नव्हता. मामा म्हणाले, तुमी बनवा, मी सांगतो.

पाच महिने ते दर रविवारी येत. डावा मागचा दिवा जरा आत बसलेला, कुठल्याशा गोदामाच्या भिंतीला लागून. स्टिअरिंगवर उजव्या हाताच्या जागी काळं झिजून पांढरं झालेलं. गिअर टाकताना गुडघा कुठे यायचा. डोळे मिटून सांगायचे आणि मी कागदावर काढायचो. आमची इतकी अचूक गाडी आधी कधी झाली नव्हती, आणि तेही पुस्तकाशिवाय. लतीफभाईंनी काळा रंग सात हात दिला आणि एक फूलसुद्धा काढलं नाही.

मागच्या सीटपाशी काम अडलं.

"रंग कुठला होता मामा? मऊ होती की टणक?"

"रंग लाल. मऊ का टणक ते ठाव नाय."

"अठ्ठावीस वर्षांत ठाऊक नाही?" डॉक्टर म्हणाले.

"रोज पुसलीय," मामा म्हणाले. "बसलो नाय."

डॉक्टरांनी मग आपल्या अंदाजाने सीट केली. आणि त्यांच्या मनात आलं, मामांना एक भेट द्यावी. दातांच्या प्लास्टरमधून त्यांनी करंगळीच्या पेराएवढी दोन माणसं कोरली. पुढे स्टिअरिंगवर मामा, पांढऱ्या टोपीसकट. मागे शेठ, पोट सुटलेले, पाय पसरून.

मामांनी गाडी दोन्ही हातांत घेतली. खिडकीतून आत बघितलं. आम्ही तिघंही कौतुक ऐकायला तयार होऊन उभे.

"माणसं चुकलीत," ते म्हणाले.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "चेहरा नाही जमला का?"

"चेहरा बरोबर हाय. जागा चुकल्या. शेठना पुढं घ्या. मना मागं बसवा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. डॉक्टरांनी चिमटा उचलला, टप सोडवला, दोन्ही माणसं बाहेर काढली.

"आणि टोपी?" मी विचारलं.

"ती त्यांना द्या."

डॉक्टरांनी टोपी काढून शेठच्या डोक्यावर चिकटवली. मग चिमटा तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, "पण मामा, शेठना गाडी चालवता यायची का?"

"नाय," मामा म्हणाले. "शिकतील."