टाकीचा उपास

आमच्या गच्चीवर प्लास्टिकच्या दोन टाक्या आहेत, एकीत दुसरी उपडी घातलेली. खालच्या टाकीत पाण्यात कालवलेलं खरकटं कुजतं. त्यातून निघणारा वायू उपड्या टाकीखाली साठतो, आणि तो साठेल तशी वरची टाकी हळूहळू उचलली जाते. तिच्यातून निघालेली रबरी नळी भिंतीच्या कडेने स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येते आणि एका जुन्या, एकाच बर्नरच्या शेगडीला मिळते. कर्वेनगरातल्या या वरच्या मजल्यावरच्या घरात आमचा सकाळचा चहा कित्येक वर्षं त्या शेगडीवर झाला. तो माझी पत्नी करत असे, आणि टाकी आणणारीही तीच. यांनी घरात पुस्तकं आणली, मी टाकी आणली, असं ती पाहुण्यांना सांगायची. मग म्हणायची, "वास दोन्हींना येतो. माझ्या वासावर निदान चहा तरी होतो."

ती शाळेत विज्ञान शिकवायची. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होतो. टाकी आली त्या वर्षी शहराबाहेरच्या कचरा डेपोजवळच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या होत्या. आमच्या कोपऱ्यावरचा कंटेनर भरून वाहत होता आणि त्याच्या कडेने लोक नाकाला रुमाल लावून, एकमेकांकडे न बघता जात होते. एका सुट्टीच्या दिवशी ती शाळेतल्या एका सहकारी बाईंबरोबर तो डेपो बघून आली. आल्या आल्या तिने डोक्यावरून अंघोळ केली. रात्री जेवताना म्हणाली, "डोंगर आहे हो तो. आतून धुमसतो."

"आग लागलीय का?"

"आग दिसते तरी. तिथे जे खरं चाललंय ते दिसत नाही. आपण टाकलेला भात, साली, भाज्यांची देठं, सगळं खाली दबतं. हवा मिळत नाही, मग त्यातून मिथेन निघतो आणि वर जातो. गाड्यांच्या धुराने हवा तापते म्हणून आपण ओरडतो, हा वायू त्या धुरापेक्षा कितीतरी जास्त तापवतो. म्हणजे आपल्या घरचा वरणभात जग तापवायला चाललाय आणि त्या गावातली माणसं त्याच्या शेजारी पोरंबाळं घेऊन झोपतायत." मग ताटातलं शेवटचं शीत बोटाने टिपून ती म्हणाली, "त्यापेक्षा तो इथे चहा तापवू दे. जाळला की त्याचा बराचसा दम जातो."

सोसायटीची परवानगी मिळायला बरेच दिवस गेले. सगळ्यात जास्त हरकत खालच्या मजल्यावरच्या वहिनींची होती. टाकी सुरू करायला शेण लागतं. ते आम्ही नदीकाठच्या एका गोठ्यातून स्कूटरवर आणलं, बादली माझ्या पायांत आणि ती मागे बसून झाकण दाबून धरलेली. वहिनी जिन्यात उभ्याच होत्या. "मॅडम, आता म्हैसही वर नेणार का? लिफ्ट नाहीये म्हटलं आपल्याकडे."

"म्हशीला तुमची सोबत होईल म्हणून विचार चाललाय," ती म्हणाली आणि बादली घेऊन वर गेली. वहिनी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी दुधी भोपळ्याच्या साली पाठवल्या.

पहिल्यांदा जो वायू जमला तो पेटला नाही. तो सोडून द्यायचा असतो, हे तिला माहीत होतं. पुढे एका सकाळी तिने मला हाक मारली. मी वर्तमानपत्र घेऊनच आत गेलो. शेगडीवर काही दिसत नव्हतं. तिने खिडकीचा पडदा ओढला, तेव्हा अंधारात एक निळी, जवळजवळ नसल्यासारखी ज्योत दिसली. तिने पातेल्यात दोन कप पाणी घालून ते ज्योतीवर ठेवलं आणि उकळेपर्यंत तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली, वर्गात प्रयोग चालू असताना उभी राहायची तशी.

त्यानंतरच्या आमच्या सकाळी एकसारख्या होत्या, आणि आता त्याच मला वेगवेगळ्या आठवतात. ती जुन्या मिक्सरमध्ये आदल्या दिवसाचं खरकटं वाटून, पाणी घालून खालच्या टाकीला बसवलेल्या रुंद नळीत ओतायची. भात, पोळीचे तुकडे, बटाट्याच्या साली, उन्हाळ्यात आंब्याच्या कोयी धुतलेलं पाणी. कांद्याची टरफलं आणि लिंबाच्या फोडी ती वेगळ्या काढून कुंड्यांच्या खतात घालायची. मी स्टुलावर बसून तिला पेपरातल्या बातम्या वाचून दाखवायचो. हवा कशी तापत चाललीय, कुठल्या हिमनद्या वितळतायत, अशी बातमी आली की ती हात न थांबवता म्हणायची, "पुढचं वाचा. माझं काम चालू आहे."

तिचा आजार फार लांबला नाही. इस्पितळात संध्याकाळी मी गेलो की पहिला प्रश्न टाकीचा असायचा.

"आज दिलं का काही?"

"दिलं."

"काय दिलं?"

"भात."

"घरात भात करायला कोण आहे?" ती हसायची. "बरं, उद्या द्या. दोन दिवस नाही दिलं तरी मरत नाही ती. माझ्यासारखीच चिवट आहे."

फेब्रुवारीच्या शेवटी ती गेली.

घर माणसांनी भरलं. आमची चूल बंद होती. नातेवाईक, शेजारी, तिच्या शाळेतल्या बाया, प्रत्येक जण डबा घेऊन येत होता. पिठलं-भात, खिचडी, पातेलीच्या पातेली वरण. त्या दिवसांत कुणाला भूक नसते आणि अन्न मात्र कधी नव्हे इतकं येतं. उरलेल्या अन्नाचं काय करायचं असा प्रश्न आला, तेव्हा तिची धाकटी बहीण डोळे पुसत म्हणाली, "ताईला अन्न फेकलेलं आवडायचं नाही. तिच्या टाकीतच घाला." सगळ्यांना ते पटलं. मला तर फारच बरं वाटलं. तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला बुंदी आणि मसालेभात होता. बुद्धवंदना झाली, चार माणसं तिच्याबद्दल चांगलं बोलली, आणि माणसं जेवून गेल्यावर उरलेली बुंदीही वर गेली. बायका पातेली घेऊन गच्चीत जायच्या, नळीत अन्न ओतल्याचा आवाज यायचा, आणि मी खाली पांढऱ्या सदऱ्यात बसून तो ऐकायचो.

टाकी कधी नव्हे इतकी वर आली होती. आलेल्यांना कुणीतरी ती वर नेऊन दाखवायचं. वहिनीसुद्धा म्हणाल्या, "बघा, मॅडमची टाकी कशी टरारून फुगलीय." एका वयस्कर नातेवाइकांनी तर तिला हात जोडले.

सगळे गेल्यावर, पहिल्यांदा एकटा उठलो त्या सकाळी, मी चहा ठेवायला गेलो. शेगडीकडची नळी उघडली, काडी लावली. फुस्स झालं आणि काडी विझली. दुसरी विझली. वायू येत होता, भरपूर येत होता, तोंडावर जाणवत होता, पण पेटत नव्हता. गच्चीत गेलो. टाकीला नेहमीचा शेणाचा, गोठ्याचा वास असायचा. आता आंबलेल्या ताकासारखा, नाकात चढणारा वास येत होता.

मुलगा खराडीला असतो. तो रविवारी आला, फोनवर काहीतरी शोधून म्हणाला, "बाबा, ॲसिडिक झालंय आतलं. ओव्हरफीड केलंय आपण. त्या बॅक्टेरियांना झेपलं नाही."

"मेलेत का ते?"

"माहीत नाही." फोन खिशात ठेवत तो म्हणाला, "हे बघा, पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचंय. सोसायटीने मे महिन्यासाठी माणसं ठरवलीयत. टाक्या काढाव्याच लागणार. तोपर्यंत पेटलं तर ठीक, नाहीतर टाकून देऊ. रिकामी टाकी ठेवून काय करायचं?"

त्याचं चुकत नव्हतं. पण मला त्याला सांगता येईना की तिच्या साड्या होत्या, चष्मा होता, वह्या होत्या, तसली वस्तू ही नव्हती. त्या स्कूटरवरून आणलेल्या शेणातून जे वाढलं, तिने रोज वाटीवाटीने जे पोसलं, ते त्या टाकीत होतं. तिने मागे ठेवलेलं, घरातलं एवढंच एक जिवंत होतं. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, मायेने, ते बुंदी घालून मारत आणलं होतं.

तेव्हा मला एक दिवाळी आठवली. ती बहिणीकडे गेली होती आणि मी नासलेली बासुंदी टाकीत ओतली होती. परत आल्यावर तिने एकदाच वास घेतला. "पोट बिघडवलंत तिचं."

"मग आता औषध काय?"

"औषध काय असतं पोट बिघडल्यावर? उपास. नि थोडा चुना. आणि रोज येऊन झाकण उघडून बघायचं नाही." 

मी पानवाल्याकडून चुना आणला, पाण्यात विरघळवून नळीत ओतला. शेण हवं होतं. मुलगा पुढच्या रविवारी आला तेव्हा त्याला म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला. "बाबा, सिरियसली? नव्या गाडीतून?" पण गेला. डिकीत वर्तमानपत्रं अंथरली, वर प्लास्टिक, वर बादली. नदीकाठचा तो गोठा अजून होता, आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्या होत्या. गोठेवाला मुलाच्या गाडीकडे बघून म्हणाला, "शेण हाय की हवं तेवढं. पण एवढ्या गाडीतनं कुठं निघालं हे? लग्नाला?"

येताना गाडीच्या काचा पूर्ण खाली होत्या. सिग्नलला शेजारच्या दुचाकीवरच्या माणसाने आमच्याकडे वळून पाहिलं. मुलगा समोर बघत म्हणाला, "आई असती तर मागे बसून झाकण धरलं असतं." तोवर तो आईबद्दल माझ्याशी बोललाच नव्हता.

मग उपास सुरू झाला, आणि तो टाकीपेक्षा मला जड गेला. काही न करता थांबायचं होतं. घरात एकट्याचं खरकटं ते काय, पण तेही आता कचऱ्याच्या गाडीत जायचं. ओल्या कचऱ्याची बादली खाली देताना मला ते डोंगराचं आठवायचं आणि चोरी केल्यासारखं वाटायचं. वहिनी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "काय म्हणतोय पेशंट?" मी म्हणायचो, "सलाईनवर आहे." वरची टाकी खाली बसली. पार तळाशी. वायूला दाब यावा म्हणून पूर्वी तिच्यावर ठेवलेली वीट आता जवळजवळ गच्चीच्या कठड्याच्या उंचीखाली गेली होती. मी वाचायला बसायचो आणि पान उलटायचं राहायचं. एप्रिल तापला. उन्हाने टाकीला बरं वाटेल असं मनाशी म्हणायचो.

वास आधी बदलला. एका दुपारी गच्चीत वहिनींनी घातलेलं वाळवण बघायला गेलो तर आंबट वास नव्हता. गोठ्याचा होता. मी काडी लावली नाही. तिने सांगितलं होतं, घाई करायची नाही. नंतर टाकी चार बोटं वर आली, मग वीतभर. तरीही पहिला वायू मी सोडून दिला. पुन्हा भरली तेव्हा खिडकीचा पडदा ओढून काडी लावली. ज्योत पेटली. पिवळट, थरथरती, पण पेटली. मी शेगडीवर काही ठेवलं नाही, नुसता बघत उभा राहिलो.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आता मग वॉटरप्रूफिंगचं काय?"

"टाकी सरकवायची. अर्धी गच्ची आधी, अर्धी नंतर."

"भरलेली टाकी सरकवायची? चार माणसं लागतील हो."

"तू एक. तीन बघ."

तो तीन मित्रांना घेऊन आला. त्यांनी नाकं मुरडली, फोटो काढले, आणि टाकी एक टिपूसही न सांडता बाजूला सरकवली. त्यांच्यासाठी वहिनींनी पोहे पाठवले. पोहे संपल्यावर त्या स्वतःच पातेलं घेऊन वर आल्या. पातेल्यात भात होता, सकाळचा, बराच उरलेला.

"घ्या सर. आता पुन्हा सुरू करा हिचं खाणं. मला टाकवत नाही."

मी पातेल्यात पाहिलं. मग आतून एक वाटी आणली, ती काठोकाठ भरली आणि पातेलं त्यांच्या हातात परत दिलं.

"एवढाच?"

"एवढाच. बाकीचा उद्या."

"मॅडम इतक्या चिकट नव्हत्या हो."

"त्याही एक वाटीच द्यायच्या. तुम्ही बघायला येत नव्हता."

वहिनी हसल्या, पातेल्यावर ताटली झाकली आणि "उद्या आणते, फ्रीजमध्ये जागा झाली तर," असं म्हणत जिना उतरल्या. मुलगा आणि त्याचे मित्र हात धुवायला आत गेले होते. मी भात पाण्यात कुस्करला, गुठळ्या बोटांनी मोडल्या, आणि नळीत ओतून झाल्यावर थोडा वेळ तिथेच थांबलो.