तीस डिग्रीवर सगळे ठीक

इन्क्युबेटरचं दार उघडण्याआधी देवधर मॅडम त्यावर तळहात ठेवत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. आतल्या थर्मामीटरवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. भंवरकुआंजवळच्या प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते, आणि त्यांच्या पाठीमागे आम्ही या सवयीची यथेच्छ नक्कल करायचो.

पेशी निकामी प्रथिनांना युबिक्विटिन नावाची खूण चिकटवते आणि मग ती प्रथिनं मोडीत काढते. ही खूण वाहून नेणारी एन्झाइम्स हा मॅडमचा विषय. त्यांतली काही काढून टाकलेलं यीस्ट आम्ही तीस डिग्रीवर वाढवायचो. गंमत म्हणजे ते चांगलं धडधाकट दिसे. काहीच फरक नाही, असं मी ठणकावून सांगितलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, ‘‘अगं, तीस डिग्रीवर तर सगळेच ठीक दिसतात. जरा गरमी वाढव, मग बघ.’’ वाढवली. आत निकामी प्रथिनं साचत गेली आणि यीस्ट मेलं.

मॅडमचे यजमान कापड मिलमध्ये मागांवर देखरेख करणारे विव्हिंग मास्तर होते. मिल बंद पडल्यावर ते मॅडमना रोज स्कूटरवरून सोडायला येऊ लागले. हातात आमच्यासाठी पोहे-जिलेबीचा पुडा. ‘‘काय भिया, आज कुणाला तापवताय?’’ म्हणून हसत. मिलचा विषय निघाला, की मस्त आराम चाललाय म्हणत. मास्तरांचं बरं आहे बुवा, असं आम्ही म्हणायचो. मॅडमही मान डोलवत.

मग मिलचे माग तोडून भंगारात निघाले. मास्तर बघायला गेले. शेवटचा ट्रक भरेपर्यंत ते फाटकाशी उभे होते, असं नंतर कुणीतरी सांगितलं. घरी येऊन जेवले, झोपले, ते सकाळी उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर मॅडम कामावर आल्या. त्या दिवशी नेमका माझा प्रयोग जमला होता. मी मूर्खासारखी, उत्साहाने ती काचेची बशी त्यांच्यापुढे धरली. अर्ध्या बशीत साधं यीस्ट तापवूनही दाट वाढलेलं; एन्झाइम्स काढलेलं मेलं होतं, ते अर्धं कोरं. मॅडम त्या कोऱ्या अर्ध्याकडे बघत राहिल्या.

‘‘रोज माझ्या समोर बसून जेवत होते गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘इथे रोज हात लावून बघते मी. घरी एकदा पण त्यांच्या कपाळावर हात नाही ठेवला.’’

मला तिथे उभं राहवेना.

पुढे निवृत्त होईपर्यंत मॅडम थर्मामीटर वाचूनच दार उघडत. आमची नक्कल थांबली.