सुनेची डिक्की आणि माझी खंडेनवमी

आमच्या देवघरात जेवढे देव नाहीत, त्याहून जास्त अवजारं माझ्या सुनेच्या स्कूटीच्या डिक्कीत आहेत.

माझी सून वैशाली रोज आमच्या प्रकाशा गावाहून लोणखेड्याच्या कॉलेजात जाते. तिथल्या प्रयोगशाळेत ती कामाला आहे. स्कूटी जुनी. आमच्याकडे आली तेव्हाच दमलेली होती. रस्त्यात कुठे बसेल याचा भरवसा नाही, म्हणून वैशाली सीटखाली सगळा दवाखानाच घेऊन फिरते. एकदा तिनं सीट उघडलं आणि मी बघतच राहिले. जादा प्लग, प्लग काढायचा पाना, पक्कड, पेचकस, गुंडाळी करून ठेवलेली ब्रेकची वायर, पंक्चरचं सामान आणि फ्यूज नावाची एक टिकलीएवढी वस्तू. ती जळली तर म्हणे हॉर्नसुद्धा वाजत नाही! (एवढ्याशा जिवाला एवढा अधिकार आमच्या घरात फक्त माझ्या नातीला आहे.)

मला गॅस पेटवतानाही डोळे मिटावे लागतात. आणि ही पोरगी रस्त्याच्या कडेला बसून गाडीचं पोट उघडते! तिच्या त्या सामानाला मी मनातल्या मनात नमस्कार करायची.

मागच्या वर्षी तो नमस्कार मी उघड केला आणि घोटाळा झाला.

वैशाली तेव्हा कंत्राटावर होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिची मुलाखत होती. कायम करायचं की घरी बसवायचं, ते त्याच दिवशी ठरणार होतं. माझा मुलगा कामाला सुरतेला, तो फोनवरून फक्त "टेन्शन लेऊ नको" म्हणत होता. मला वाटलं, आपणही काहीतरी करावं. खंडेनवमीला सगळे विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ पुजतात. मग जे सामान रोज माझ्या सुनेला घरी परत आणतं, ते का नको?

मी डिक्की रिकामी केली. पाना दुधापाण्यानं धुतला. पकडीला हळदकुंकू लावलं, ब्रेकच्या वायरीला फूल वाहिलं, प्लगला पूजेचा लाल नाडा बांधला. (प्लग इतका गोड दिसत होता की दृष्ट काढावी!) सगळं पाटावर मांडून देवापुढं ठेवलं. मग गाडीला हार घातला, पुढे स्वस्तिक काढलं. सीट उघडंच होतं, तेव्हा आणखी थोडी पूजा केली. ती काय, ते पुढे येईल. मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण पुण्य बोलून दाखवू नये.

मुलाखतीच्या दिवशी मीही बरोबर निघाले. नात अजून अंगावर पीत होती. वैशाली आत गेल्यावर बाहेर तिला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. गाव मागे पडेपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली. मग तिला उचक्या लागल्या. कुणीतरी आठवण काढत असेल, असं मी म्हणणार होते, तेवढ्यात ती बंदच पडली. दोन्हीकडे पपईची शेतं, मध्ये आम्ही तिघी.

वैशाली अजिबात घाबरली नाही. "काय नई आई, आते करस," म्हणत तिनं सीट उघडलं. आणि तशीच वाकून उभी राहिली.

"आई, मन्हा सामान कोठे शे?"

"देवजोडे."

"देवजोडे काय करी ऱ्हायना तो?"

"बठेल शे," मी म्हणाले. "पूजा करी व्हती ना... उठाडानं ऱ्हाई गयं." सगळं सामान अजून देवापुढच्या पाटावरच होतं.

डिक्कीत फक्त मी ठेवलेला पूजेचा नारळ होता. वैशालीनं नारळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या दोन नजरांत मला काही फरक दिसला नाही.

"तुम्हना बटवामा काय शे?"

मी बटवा उलटा केला. सुपारी, चुन्याची डबी, अडकित्ता. तिनं डबी आणि अडकित्ता उचलला. डबीच्या पत्र्याच्या झाकणानं तिनं सीटखालचे स्क्रू फिरवले! मग अडकित्त्यानं पेट्रोलच्या नळीचा चाप धरून तो मागे सरकवला. ज्या अडकित्त्यानं मी इतकी वर्षं नुसती सुपारी कातरली, त्याच्यात एवढं शिक्षण होतं, हे मला माहीतच नव्हतं!

एवढ्यात एक मोटारसायकलवाला थांबला. भला माणूस. मागे पान्यांची मोठी पिशवीच बांधलेली. पण मला परक्या पुरुषाशी बोलायची सवय नाही. मी पदर खाली ओढला, नातीला छातीशी घट्ट धरलं आणि पाठ फिरवली. त्याला वाटलं, बाई बाळाला पाजतेय. बिचारा मान वळवून असा जोरात पळाला की धूळ उडाली.

गाडीत डोकं घातलेल्या वैशालीनं विचारलं, "कोन व्हतं आई?"

"कोनी नई. गया तो."

"मदत कराले थांबेल व्हता का?"

"...व्हता."

"तेनाजोडे पाना व्हता का?"

"पिशवीभर व्हता."

ती हात पुढे करून म्हणाली, "पिना द्या."

मी खांद्यावरची पिन दिली. ती पिन वाकली. मग निऱ्यांचीही दिली. आता एका हातात नात, दुसऱ्या हातात निऱ्या, पदराला आधार दातांचा. आणि नेमकं तेव्हाच बाजूच्या शेतातल्या बाया पपई तोडायच्या थांबून बांधावर येऊन उभ्या राहिल्या!

वैशालीनं नळीच्या तोंडात पिन घालून टोकरलं, मग तोंड लावून जोरात फुंकर मारली. टपकन काहीतरी तिच्या तळहातावर पडलं. गुलाबी. मग आणखी एक.

"आई," ती हळूच म्हणाली, "पेट्रोलमा तांदूय?"

मी दातातला पदर सोडला नाही. न बोलायला तेवढं कारण पुरलं असतं, पण ती वाट बघत राहिली.

"कोठीमा टाकतस ना आपण अक्षता," मी पुटपुटले, "बरकत ऱ्हावाले. मन्हं म्हननं, टाकी बी कधी रिकामी व्हवाले नको..."

बांधावरच्या बाया इतक्या हसल्या की नात दचकून रडायला लागली. वैशाली खाली बसली, कपाळाला हात लावला आणि तीही हसायला लागली. कपाळावर काळी पाचही बोटं उमटली.

पुढचा रस्ता आम्ही असा केला: गाडी अडली की पिन, पिन घातली की एक अक्षता, मग पुन्हा चालू. लोणखेड्याला पोचलो तेव्हा तिचं नाव पुकारत होते. हात धुवायलाही वेळ नव्हता. मी पदरानं कपाळ पुसायला गेले, तर काळं आणखी पसरलं. ती तशीच आत पळाली. मी कडुनिंबाखाली नातीला घेऊन बसले आणि ठरवून टाकलं, हिची नोकरी गेली तर मी पुन्हा देवापुढं तोंड दाखवणार नाही.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली.

"काय इचारं?"

"साहेब म्हने, 'प्रयोगशाळेत ऐनवेळी यंत्र बंद पडलं आणि दुरुस्तीवाला आला नाही, तर काय कराल?'"

"मंग?"

"मी दोन्ही हात टेबलवर ठेवात. अडकित्तानी गोठ सांगी. साहेब चहा पीत व्हता, त्याले ठसकाच लागना!"

दिवाळीच्या आत वैशाली कायम झाली. मी पेढे वाटले, अक्षतांचं मात्र कुणाला सांगितलं नाही. पण त्या शेतातल्या बाया थोड्याच गप्प बसणार!

परवा शेजारच्या जिजी आपल्या मुलीची स्कूटी ढकलत दारात आल्या. मुलीची नंदुरबारला मुलाखत आहे म्हणे.

"अक्का," त्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तुम्हना हातना गुन शे. दोन दाना सोडा ना टाकीमा!"

मी पडले लाजाळू बाई. तोंडावर नाही म्हणणं मला कुठलं जमायला? दोनच सोडले.